रेती ओकणारी विहीर

धाकट्या भावाला तेलाच्या कामावर मीच लावून दिलं. सत्तरीचं दशक होतं. मी गुजरातेत तेलविहिरींवर इंजिनिअर होतो. घर नागपुरात, प्रताप नगरात. वडील गेल्यापासून आईला धाकट्याचाच घोर. म्हणून मी त्याला माझ्याकडे नेलं, विहिरीवर ऑपरेटर म्हणून.

आमची एक विहीर तेलासोबत रेती ओकायची. रव्यासारखी बारीक, पण वायूच्या जोरानं पाइपच्या वळणावर आदळून लोखंड आतून झिजवायची. उपाय ठाऊक होता. विहीर बंद करून तळाशी बारीक चिरांची नळी उतरवायची, तिच्याभोवती चाळलेली जाड वाळू भरायची. तेल वर येतं, रेती मागे अडते. तोवर झडप आवळून प्रवाह कमी ठेवायचा.

"दादा, त्या वळणातून खरखर आवाज येऊन राहिला," भाऊ म्हणाला. "बंद काहून नाही करत?"

"सोमवारी सामान येते. तोवर चालू दे."

वरून उत्पादनाची घाई होती. मी झडपही आवळली नाही.

शनिवारी दुपारी वळण फुटलं. सगळे मागे पळाले. भाऊ झडपेकडे धावला. ती त्यानं पूर्ण बंद केली. तोवर रेतीचा झोत त्याच्या अंगावरून गेला होता. दवाखान्याच्या वाटेवरच तो संपला. त्याचं शरीर आईला दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं. तिथेच अग्नी दिला आणि अस्थी घेऊन मी नागपूरला आलो.

तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "रेती लोखंड कसं कापते गा?"

मी सगळं समजावून सांगितलं. ती नीट ऐकत होती.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"त्यानं सांगितलं होतं तुले?"

"सांगितलं होतं वं माय."

ती उठली. ताट वाढलं. "जेव," म्हणाली.

पुढच्या महिन्यात विहिरीत वाळू भरली. स्वच्छ तेल येऊ लागलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. माझ्याशी बोलायची, माझ्या पोरांचे लाड करायची. पण धाकट्याचं नाव तिनं माझ्यासमोर एकदाही घेतलं नाही. मलाही घेता आलं नाही. त्याच्याबद्दल जिच्याशी बोलावं अशी मला तीच एक उरली होती.