आधी कोठी जागेवर, मग गहू

माझी स्वतःची वेबसाइट आहे म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "काय विकता?" मी काहीच विकत नाही. अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि सुट्टीत वेबसाइट करते. कुणी स्वेटर विणतं, कुणी गच्चीवर वांगी लावतं, तसंच हे.

मी हे शिकले एका उन्हाळ्यात. बाहेर पाय ठेवायची सोय नव्हती, कूलरसमोर बसून व्हिडिओ पाहत गेले. पहिली वेबसाइट पिवळी होती, तिच्यावर लाल अक्षरं आणि वरून सरकत जाणारी झेंडूची माळ. लग्नपत्रिकाच ती. दुसरी मी काळी केली, कारण काळी भारदस्त दिसते असं कुठेतरी वाचलं होतं. ती रात्री दुकानाचं शटर पाडल्यासारखी दिसायची. तिसरीत फोटो एवढे मोठे की खालचा मजकूर यायच्या आत माणूस कंटाळून निघून जाई. मजकूर तरी काय होता? गच्चीवरची झाडं, चिखलदऱ्याच्या सहली, प्रयोगशाळेत मुलं काय काय फोडतात त्याच्या गोष्टी. वाचणारे घरचेच, तेही मी विचारलं तर.

नवरा म्हणायचा, "घराले दहा वर्सांत रंग नाही, अन् हिच्या वेबसाइटले दर सुट्टीत."

"घराच्या रंगाला पैसे लागतात," मी म्हणायचे.

या सगळ्यात एक पान मात्र कामाचं होतं. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. आमच्या सासरच्या महालक्ष्म्या अकोल्याला, मोठ्या जाऊबाईंकडे उभ्या राहतात. उभ्या म्हणजे खरोखर माणसाएवढ्या: पत्र्याच्या दोन उंच कोठ्या, त्यांत धान्य, वरून पोलकं, साडी, दागिने आणि शेवटी पितळी मुखवटे. डोक्यावर फुलोरा टांगायचा, म्हणजे कणकेची तळलेली वेणी, फणी, करंज्या, पापड्या. दुसऱ्या दिवशी पुरण, आंबील आणि सोळा भाज्या. हे सगळं जाऊबाईंच्या डोक्यात होतं, आणखी कुठेही नव्हतं. म्हणून एकदा फोनवर त्या सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेले. त्या भाजी निवडत होत्या, मध्येच दुधवाल्याशी बोलत होत्या, पण सांगण्याचा क्रम चुकला नाही. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. ते एकच लांबलचक पान झालं. त्याला ना रंग ना चौकट, कारण सजवायचा मला कंटाळा आला होता.

यंदा आषाढात जाऊबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खाली बसायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही. आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा मोठ्या दिरांनी विषय काढला.

"यंदा महालक्ष्म्या अमरावतीलेच नेल्या तर? तुमच्याकडे जागाबी हाय."

आमच्यात रीत अशी की महालक्ष्म्या एकदा एका घरातून दुसऱ्या घरी गेल्या की त्या तिथल्याच. परत मागायच्या नाहीत. त्यामुळे 'यंदा' या शब्दाला तसा काही अर्थ नव्हता, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. जाऊबाई पलंगावर भिंतीकडे बघत होत्या. सासूबाईंनी मुखवटे त्यांच्या हातात दिले होते, त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी. वर्षभर शाळा, घर, सगळ्यांचं करून झालं की ते तीन दिवस त्यांचे असायचे. गल्लीतल्या बायका त्यांच्याकडे बघायला यायच्या.

मला महालक्ष्म्या नको होत्या, हेही सांगून टाकते. भक्ती नाही म्हणून नव्हे, माझ्याकडून ते निभणार नाही म्हणून.

मग जाऊबाई भिंतीशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "सून करन."

सून स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. ती कोकणातली, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. एक गणपती तिने माहेरी काढला होता, दुसरा नवऱ्याच्या नोकरीच्या गावी; यंदा सासूच्या ऑपरेशनपासून दोघंही अकोल्यालाच होती. तिच्या माहेरी नदीवरून पाच खडे आणतात, त्याच त्यांच्या गौरी. ती म्हणाली, "आई, मी कधी बघितलंही नाहीये हो."

"काकूनं लिहून ठेवलं हाय ना वेबसाइटवर. ते पाह्य."

"मी आदल्या दिवशी येते," मी म्हटलं.

"तू येऊ नको," जाऊबाई म्हणाल्या. "तू आली की तूच करशीन सारं. मंग ती काय शिकन? तू जेवाले ये दुसऱ्या दिवशी, पाहुण्यावानी."

मला राग आला. पण त्या म्हणत होत्या ते खरं होतं, मी सगळं माझ्याच हातात घेतलं असतं.

आता नेमकं काय झालं ते सांगते. त्याच महिन्यात मी वेबसाइटला पाचवं रूप दिलं होतं. नवीन शिकलेली गोष्ट म्हणजे रंगीत चौकोन: एका चौकोनाला हात लावला की त्याचं वेगळं पान उघडतं. मी ते लांबलचक पान कापून त्याचे पाच चौकोन केले. साहित्य, मांडणी, साड्या, फुलोरा, नैवेद्य. प्रत्येकाला वेगळा रंग, छोटं चित्र. मला ते फार नीटनेटकं वाटलं. वेबसाइटच्या तोंडाशी माझा चिखलदऱ्याचा फोटो होता, टोपी घातलेला.

सणाच्या आधीच्या रविवारी सुनेने रंगीत तालीम घेतली. दुपारी मला व्हिडिओ कॉल आला. आधी दिसली दिवाणखान्याच्या मधोमध उभी असलेली कोठी, गळ्यापर्यंत गव्हाने भरलेली. तिच्या एका बाजूला मोठे दीर, दुसऱ्या बाजूला त्यांचा मुलगा, दोघंही घामाघूम.

"काकू, ही हलत नाहीये," सून म्हणाली.

"भरायच्या आधी जागेवर ठेवायची असते."

"असं कुठे लिहिलंय?"

मी शोधलं. लिहिलं होतं. 'साहित्य' या निळ्या चौकोनात, धान्याच्या खाली, अकराव्या ओळीत. आणि 'मांडणी' या केशरी चौकोनात फक्त 'भरलेल्या कोठ्या' एवढंच. जाऊबाईंनी सांगताना ते एकामागून एक सांगितलं होतं. मी गहू गव्हाच्या खात्यात टाकला आणि कोठी कोठीच्या. पाण्यात आम्ल टाकायचं, आम्लात पाणी नाही, हे दरवर्षी अकरावीच्या वर्गाला घसा फोडून सांगणारी मी.

"अजून एक आहे," सून म्हणाली. ती स्पष्ट बोलणारी मुलगी आहे, आणि ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. "हाताला कणीक असते. एक पान बंद करून दुसरं उघडायचं म्हणजे हात धुवा. आणि दर वेळी मागे गेलं की तुमचाच फोटो येतो."

पलंगावरून जाऊबाईंचा आवाज आला, "महालक्ष्म्यांच्या आंधी काकूचीच पूजा करा लागते का?"

दीर एवढे हसले की कोठीला धरलेला हात त्यांनी सोडला. शेवटी पातेल्यांनी गहू उपसून कोठी रिकामी केली.

त्या संध्याकाळी मी पाचही चौकोन काढून टाकले. पण जुनं पान जसंच्या तसं परत लावून भागणार नव्हतं, कारण जाऊबाईंनी ते मला सांगितलं होतं, आणि मी सगळं आधी बघितलेलं होतं. सुनेने काहीच बघितलं नव्हतं. मग आठवडाभर रोज संध्याकाळी आम्ही तिघी फोनवर. सून विचारायची, मी टाइप करायचे आणि जाऊबाई पलंगावरून वह्या तपासल्यासारखं पान तपासायच्या.

"पदर आधी काढायचा का निऱ्या आधी?"

"हे काय सांगाचं असते का?" जाऊबाई म्हणायच्या, आणि मग सांगायच्या. निऱ्या आधी, दोरीने बांधून. पदर शेवटी. महालक्ष्मीचे कापडी हात पोलक्यात आधी घालून घ्यायचे, साडी नेसवल्यावर ते जात नाहीत. मुखवटा ठेवण्याआधी गळ्यात कापडाची चुंबळ, नाहीतर तो डुगडुगतो. आंबिलीची ज्वारी कधी भिजवायची. यातलं काहीही आधीच्या पानावर नव्हतं. ज्याला येतं त्याला ते सांगावंसं वाटत नाही, आणि मला अर्धवट येत असल्यामुळे मी विचारलं नव्हतं. सुनेला काही म्हणता काही येत नव्हतं, म्हणून ते पान पूर्ण झालं.

रचनेच्या अटीही त्या दोघींच्याच. जाऊबाईंना ते चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे होतं. सुनेला ते कोपराने सरकवता आलं पाहिजे होतं. मी स्वतःच्या कोपराला कणीक लावून बघितलं. बारीक अक्षरं असली की कोपर भलतीकडेच लागतं, म्हणून अक्षरं आणखी मोठी केली आणि पानावर दाबण्यासारखं काहीही ठेवलं नाही. पांढऱ्यावर काळं. वरून खाली, जे आधी करायचं ते आधी. माझा फोटो गेला.

नवऱ्याने मागून डोकावून पाहिलं. "हे काय, सारा रंगच उडाला."

"उडाला नाही, काढला."

महालक्ष्म्या यायच्या दिवशी मला कॉलेज होतं. फोन करायचा नाही असं ठरलं होतं आणि मी तो केला नाही. पण वेबसाइटवर या क्षणी किती जण आहेत ते मला दिसतं. एरवी तिथे शून्य असतं, त्यामुळे मी तिकडे फिरकत नाही. त्या दिवशी दुपारी पाहिलं तर एक. तासिका घेऊन आले, तरी एक. प्रात्यक्षिक संपवून आले, एकच. मला ते जरा बरं वाटलं. त्या घरात कुणीतरी त्या पानावर उभं होतं आणि कोपराने खाली खाली जात होतं.

घरी येऊन चहा टाकला आणि पाहिलं तर शून्य.

आवाहनाचा मुहूर्त अजून व्हायचा होता. शून्य म्हणजे सगळं झालं, किंवा तिने कंटाळून सोडून दिलं, किंवा फोनची बॅटरी संपली. तिन्हींत शून्यच दिसतं. नवरा म्हणाला, "लाव ना फोन. काय होते?"

"नको म्हटलंय त्यांनी."

"मंग असं काहून बसून राहिली?"

मी उठले आणि दुसऱ्या दिवशीच्या साडीला इस्त्री केली. मग त्याच्या शर्टाला. मग धुतलेल्या पडद्यांनाही.

सकाळच्या गाडीने बडनेऱ्याहून निघालो. अकोल्याला ऑटो गल्लीच्या तोंडाशीच सोडला, कारण आत चपलांचा ढीग दिसत होता. महालक्ष्म्या उभ्या होत्या. धाकटीची साडी पावलांपासून चांगली चार बोटं वर होती, आणि थोरलीचा पदर एका बाजूला जास्त लांब. फुलोरा मात्र सुरेख. वेणीचा पीळ तर जाऊबाईंपेक्षा घट्ट. जाऊबाई बाजूला खुर्चीवर, नव्या साडीत, येणाऱ्या बाईला सांगत होत्या, "सुनेनं केलं सारं. मी बोटबी लावलं नाही." गल्लीतल्या बायका त्यांच्याचकडे येत होत्या. मला मेल्या शून्याचं कोडंही उलगडलं: शेवटची ओळ मुखवट्यांची होती, ती वाचून सुनेने फोन बंद करून कपाटात ठेवला होता. देवीसमोर तो वाजायला नको म्हणून.

पंगत झाली. मी पाहुण्यासारखी जेवले, सोळा भाज्यांची भाजी दोनदा घेतली. मोठे दीर विडा खात माझ्या नवऱ्याला म्हणाले, "मखर लहान पडलं यंदा. पुढच्या वर्सी सुतारालेच सांगतो." अमरावतीचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही.

मग हळदीकुंकू. जाऊबाई वॉकर धरून उठल्या. डॉक्टरांनी परवानगी दिली होती तेवढ्याच वेळापुरत्या. सुनेपेक्षा मी मोठी, म्हणून मी पुढे झाले. त्यांनी हाताने मला थांबवलं.

"हिची ओटी आंधी."

सुनेला कळलं नाही कुणाची ते. ती मागे वळून बघायला लागली.

"तुहीच. पदर पसर."

त्यांनी तांदूळ, खण, नारळ तिच्या पदरात घातला, आणि त्यांना वाकता येत नव्हतं म्हणून तीच वाकली. मग माझी ओटी भरली. मी दुसरी आले होते आणि त्यात मला काहीही कमी वाटलं नाही. जाऊबाईंनी मला आदल्या दिवशी येऊ दिलं असतं तर ती साडी दोन बोटं खाली आली असती, पदर सरळ पडला असता, आणि पुढच्या वर्षी त्या कोठ्या माझ्या घरी आल्या असत्या. त्यांनी मला येऊ नको म्हटलं, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. तसं मी त्यांना सांगितलंही, निघताना, चपला घालताना.

"आभार कायचे," त्या म्हणाल्या. "ते साडीचं लिही पानावर. खालून दोन बोटं सोडाची, जास्त नाही."