फणीतला तिसरा धागा

सब्रावर, म्हणजे धीर धरण्यावर, मी मोहल्ल्यात पुष्कळ बोललो आहे. ज्याला तो जमत नाही, तोच त्यावर जास्त बोलतो. रोजा पोटाला आवरतो; जिभेला आवरेल का, ही शंका मला तेव्हाही होती. तेव्हा जे घडलं ते आज लिहून टाकतो. लिहिताना आनंदच होतो आहे.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. रोजे भर उन्हाळ्यात आले होते. नागपूरच्या आमच्या घरी हातमागावर बायकोनं पहिल्यांदाच स्वतःसाठी लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवायला लावला होता. मागावरच्या कंगव्यासारख्या फणीच्या प्रत्येक घरात दोन धागे भरायचे; तीन दिवस दोघं तेच करत होतो. विणायला बसलो तर कापडात रेघ उठली. एका घरात तीन धागे. तो भाग मीच भरला होता, हे मला तिथंच कळलं. तरी तिच्यावर ओरडलो, आणि कात्रीनं अख्खा ताणा कापून टाकला.

ती रडली नाही. दुसऱ्या दुपारी उमरेडला, माहेरी जायला पेटी भरून म्हणाली, "एक धागा सोसवत नाही तुमाले, तं रोजा काहून धरता?"

तेवढ्यात एक अनोळखी म्हातारा सावलीला दारात टेकला. मी त्याला पाणी विचारलं, तर त्याचाही रोजा होता. मागाकडे पाहून त्यानं चुलीतली राख मागितली, बोटांना लावली आणि तुटकी टोकं पिळून सांधू लागला. ती शेकडो टोकं पाहून मी मागंच उभा राहिलो.

"समदे नोको पाहू, बेटा. हातातला एक पाह्य."

मी एक सांधला. मग दुसरा. डोक्यातली घालमेल कधी उतरली, कळलंही नाही. बायको पेटीवर बसून बघत होती. बस केव्हाच गेली असणार. मग म्हाताऱ्याची बोटं त्या घराशी थांबली.

"तीन धागे. कोनं भरले?"

"म्यानं," मी म्हणालो.

बायकोनं पेटी आत सरकवली. हाताला राख लावत म्हणाली, "मले मालूम होतं. तुमी कवा बोलता, ते पाहून राहिली होती."

सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली. रोजा सोडायला खजूर घेऊन वळलो तर म्हातारा निघून गेलेला. मशिदीतही दिसला नाही. तो कोण होता, याचा मी आता शोध घेत नाही.

तिसरा धागा काढून उरलेली टोकं आम्ही दोघांनी सांधली. ईदला ती तेच लुगडं नेसली. सांध्यांच्या ओळीवर बोट फिरवलं की अजून खरखर लागते. सब्र आपण करतो, असं मला वाटायचं. माझ्यावरच सब्र केला जात होता, घरातही आणि वरूनही. त्या वरच्याचे आभार, शुक्र आहे त्याचा.