पाटीच्या तळाशी लिहिलेलं

दुपारचे दोन वाजून गेले आहेत. भालचंद्ररावांचे डोळे धड मिटत नाहीत आणि धड उघडेही राहत नाहीत. छातीवर पालथं ठेवलेलं पुस्तक श्वासाबरोबर वरखाली होतं आहे. सातव्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये आत्ता ते एकटेच आहेत. मुलगा हेमंत आणि सून गार्गी आपापल्या कामावर, नात इरा शाळेत. त्यांच्या पायांशी दिवाणावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडला आहे, त्यात एक मोठी निळी चादरही. तो परवापासून आहे. रोज त्यात भर पडते, आणि ज्याला जे लागेल ते तो ढिगातूनच उपसून अंगात घालतो.

सकाळी या ढिगावरूनच झालं.

"आज घड्या तुझ्याकडे होत्या ना? काल मेसेज टाकला होता मी," गार्गी डबे भरता भरता म्हणाली.

"वाचला," हेमंत बुटाची नाडी बांधत म्हणाला.

"वाचलास ते दिसलं मला. त्या निळ्या खुणा काही घड्या घालत नाहीत."

"अगं, अकराला कॉल संपला माझा."

"आणि मी झोपाळ्यावर बसले होते."

मग दार लागलं. एकदा तिच्यामागे, पाच मिनिटांनी त्याच्यामागे.

भालचंद्ररावांनी कपड्यांना हात लावलेला नाही. लावावासा वाटतो, पण मागे एकदा त्यांनी सिंकमधली भांडी घासून ठेवली तर संध्याकाळी गार्गीचा चेहरा पडला होता. 'आपल्या घरात बाबांना भांडी घासायला लागतात,' असं ती आतल्या खोलीत हेमंतला म्हणाली, तेही त्यांना ऐकू आलं. मदत केली तर तो टोमणा होतो, नाही केली तर आपण ओझं होतो. यातलं कोणतं बरं, हे त्यांना ठरवता आलेलं नाही. म्हणून ते वाचत बसतात. निदान तसं दिसतं तरी.

पण आज वाचनात मन नाही. 'वाचला' हा हेमंतचा शब्द सकाळपासून त्यांच्या कानात बसला आहे. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीही असंच उत्तर दिलं होतं, आणि ते खोटं होतं.

तेव्हा ते मिरजेला होते, कॉलेजच्या ग्रंथालयात. बायको शालन टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. तिच्या पाळ्या बदलत, आणि एक घरात शिरायचा तेव्हा दुसरा बाहेर पडायच्या तयारीत असायचा. स्वयंपाकघराच्या दाराला हेमंतची जुनी पाटी टांगलेली होती. निघणाऱ्यानं उरलेली कामं त्यावर लिहायची, येणाऱ्यानं काम केलं की ती ओळ पुसायची. डाळ भिजवली आहे. सिलिंडरचा नंबर लावा. हेमंतला दोनरेघी वही. अठरा वर्षं नवराबायकोचं बरंचसं बोलणं त्या पाटीवर झालं आणि तिथंच पुसलंही गेलं.

एका सकाळी शालन सहाच्या पाळीला गेल्यावर दूध उतू गेलं. ओटा पुसता पुसता, कामं तर सगळी झालीच आहेत म्हणून, भालचंद्ररावांनी त्याच ओल्या फडक्यानं सबंध पाटी पुसून टाकली. हात फिरत असतानाच त्यांना दिसलं की कामांच्या खाली एक रेघ मारून, तळाशी बारीक अक्षरात काहीतरी वेगळं लिहिलेलं होतं. तोवर ते गेलं होतं.

संध्याकाळी शालननं विचारलं, "पाटी वाचलीत?"

"वाचली," ते म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. कदाचित न वाचता पुसली हे कबूल करायची लाज वाटली.

ती नुसतं "बरं" म्हणून पोळ्या लाटायला लागली. काय लिहिलं होतं हे विचारायचं राहिलं ते राहिलंच. आता शालनला जाऊन सोळा वर्षं झाली.

पुस्तक छातीवरून घसरतं. उचलायला हवं, असं त्यांना वाटतं आहे, तेवढ्यात आत कुकरची शिट्टी होते.

घरात तर कोणी नाही. भालचंद्रराव उठून आत जातात. पायाखाली शहाबादी फरशी लागते, गार.

"पाय पुसा. आत्ताच फरशी पुसलीय," शालन म्हणते.

ती मिरजेच्या ओट्यापाशी उभी आहे. कानाला हेडफोन, पदर खोचलेला. मसाल्याच्या फळीच्या जागी एक्स्चेंजचा बोर्ड आहे आणि त्याचे बारीक दिवे फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडत आहेत. ती पस्तिशीतली आहे, ते शहात्तर वर्षांचे आहेत. त्यांना याचं नवल वाटत नाही. फक्त अंगात नुसता बनियन आहे याचा संकोच वाटतो.

"मिरज, बोला," ती कुणालातरी सांगते आणि बोर्डाची एक वायर कुकरच्या झाकणात खोचते. मग त्यांच्याकडे न बघता म्हणते, "वाढून घ्या. झाकून ठेवलंय."

"तू जेवलीस?"

"लाइनवर आहे अजून."

"थांबतो मी. बरोबर जेवू."

"कधी?" ती विचारते, एखाद्या अनोळखी माणसाला फोन नंबर विचारावा तसं, पेन्सिल हातात धरून.

ते दाराकडे बघतात. दाराला खिळा आहे, पाटी नाही. दार ढकललं तर पलीकडे कॉलेजचं ग्रंथालय आहे. तीच उंच लाकडी कपाटं, तोच जुन्या कागदाचा वास. पण फळ्यांवर पुस्तकं नाहीत. कपडे आहेत, हजारो, घडी न घातलेले, आणि प्रत्येकाला पांढरी चिठ्ठी डकवून क्रमांक घातलेला. भालचंद्ररावांना हायसं वाटतं. हे काम त्यांच्या हातातलं आहे.

काउंटरपलीकडे शालन उभी आहे, हातात सभासदाचं कार्ड.

"हेमंतचे मोजे हवेत. राखाडी."

"विषय?"

"पाय," ती म्हणते.

त्यांना हसू फुटतं. तिलाही. त्या दोघांना एका वेळी हसू आलं असं फार झालेलं नाही. बहुधा एकाचं हसून झाल्यावर दुसऱ्याला पाटीवर कळायचं.

"पुस्तकं बरी सापडायची तुम्हाला," ती म्हणते. "मीठ कधी सापडलं नाही."

"तू डबा हलवायचीस."

"अठरा वर्षं एकाच जागी होता तो."

ते मोजे काढून देतात. कार्डावर शिक्का मारतात. आता ती निघून जाईल, हे त्यांना कळतं. आत्ता नाही विचारलं तर पुन्हा ही वेळ येणार नाही.

"शालन, एक विचारायचं होतं."

"हळू बोला. लोक वाचतायत."

लोक नाहीत. खुर्च्यांच्या पाठींवर ओले शर्ट वाळत टाकलेले आहेत, ओळीनं, बाह्या टेबलावर टेकून. भालचंद्रराव तरीही आवाज खाली आणतात.

"ती पाटी मी वाचली नव्हती. तळाशी लिहिलेलं. दूध उतू गेलं होतं, फडकं हातात होतं, आणि पुसली गेली. तू विचारलंस तेव्हा मी उगाच हो म्हणालो."

शालन बराच वेळ मोज्यांची जोडी जुळवत राहते.

"मला वाटलं, वाचून गप्प बसलात."

"नाही गं."

"म्हणजे मी इतकी वर्षं तेच धरून बसले होते." तिच्या आवाजात राग नाही. रस्ता चुकून भलत्याच गावाला पोचलेल्या माणसाचा असतो तसा तो आवाज आहे. "एकदा तरी विचारायचंत."

"काय लिहिलं होतंस?"

एक्स्चेंजमध्ये तारेचा मजकूर वाचून दाखवतात तशी ती एकेक शब्द सुटा सुटा सांगते. "उद्या मी रजा टाकलीय. जमलं तर तुम्हीपण टाका."

भालचंद्ररावांना ती दुसऱ्या दिवशीची सकाळ दिसते. अगदी इथंच, दोन कपाटांच्या मधे. शालन दारात उभी आहे. खळ घातलेली साडी, केस नीट बांधलेले. ते चपला घालत आहेत. 'आज ड्यूटी नाही?' ते विचारतात. 'नाही,' ती म्हणते. 'मग आराम कर,' असं म्हणून ते जिना उतरतात. खालपर्यंत पोचल्यावरही वर दार लागल्याचा आवाज आला नव्हता. तेव्हा त्यांना त्यात काही वाटलं नव्हतं.

"कुठे जायचं होतं आपल्याला?"

"कुठे नाही हो. चादरी धुवायच्या होत्या."

"चादरी?"

"हेमंत शाळेत असता. तुम्ही पिळायला, मी झटकायला. मग समोरासमोर बसून जेवायचं. झाकून ठेवलेलं नाही. तव्यावरची पोळी थेट पानात. एवढंच होतं मनात."

"मग काय केलंस त्या दिवशी?"

"धुतल्या. घडी घालताना एक टोक हनुवटीखाली धरलं. झाली वेडीवाकडी."

भालचंद्रराव काउंटरचे खण भराभर उघडतात. एकात कपड्यांचे चिमटे, दुसऱ्यात चिमटे, तिसऱ्यातही चिमटेच.

"काय शोधताय?"

"अर्जाचा कागद. रजेचा. कुणाकडे द्यायचा गं आता?"

"राहू दे कागद," ती म्हणते. "चला वर."

वरच्या फळीसाठी लावलेल्या शिडीवरून ते दोघं चढतात आणि गच्चीवर येतात. ही मिरजेची गच्ची आहे की इथलीच सातव्या मजल्याची गॅलरी लांबरुंद झाली आहे, हे त्यांना नक्की सांगता येणार नाही. ऊन स्वच्छ आहे. तारेवर एकच चादर आहे, मोठी, निळी.

"ही कुणाची?"

"गार्गीची. हेमंतची बायको. तू गेल्यावर झालं लग्न."

शालन चादरीचा काठ बोटांत घेऊन बघते. "रंग चांगला निवडलाय. स्वभावानं कशी आहे?"

"चांगली आहे. दमते."

"दमणारच. तुम्ही काय करता घरात?"

"वाचतो."

"अजून?"

"हात लावला तर तिला बोचतं गं, असं वाटतं मला."

"तिला विचारलंत?"

"नाही."

"तुम्ही कधी कुणाला काही विचारलंय?" ती चादर तारेवरून ओढते. "धरा. एकट्याचं काम नाही हे. मुठीत नको, बोळा होतो. चिमटीत धरा."

त्यांना चिमटीत जमत नाही, सुटेल अशी भीती वाटते. ते मुठीतच धरतात. ती हसते आणि मागे मागे जाते. चादर दोघांच्या मधे ताणली जाते, वाऱ्यानं फुगते, तिचा चेहरा दिसेनासा होतो. ती एक झटका देते. तो झटका त्यांच्या खांद्यापर्यंत येतो. पलीकडे माणूस आहे, हे त्या झटक्यावरून कळतं. त्यांना वाटतं, इतकी वर्षं आपण चादरींच्या घड्या घालत आलो, पण हा झटका आपल्याला माहीत नव्हता.

लांबीत एक घडी होते. मग दुसरी. मग ती टोकं जुळवायला चालत येते. तिची बोटं त्यांच्या बोटांना लागतात. पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी, सुरकुतलेली आणि गार. ते काही बोलणार एवढ्यात ती वाकून खालची दुमड उचलते आणि पुन्हा लांब जाते. पण आधीइतकी लांब नाही. पुन्हा येते. आता ती अधिकच जवळून परत फिरते. प्रत्येक घडीला अंतर निम्मं होतं आहे. आधी त्यांना याचा आनंद होतो. मग लक्षात येतं की चादरही तेवढीच संपते आहे.

"कडा जुळल्या नाहीत," ते म्हणतात. "परत उलगडू."

"जुळल्यात."

"नाही गं जुळल्या. हे बघ, इथे. पहिल्यापासून घालू."

"अहो," ती म्हणते.

एवढंच. त्या एका शब्दात ती दमलेली असते तेव्हाची आहे, आणि रागावलेली नसते तेव्हाचीही. त्यांच्या हातावर ती शेवटची घडी ठेवते, तळव्यानं एकदा दाबून सपाट करते.

"पाळी सुरू होईल माझी. आज मात्र एका वेळी होतो हं घरात."

कुलपात किल्ली फिरते.

"झोपा बाबा, झोपा. मीच आहे," गार्गी दारातून म्हणते. तिच्या खांद्यावर पर्स, हातात दुधाची पिशवी. साडेचार वाजले आहेत. "लवकर निघाले आज. म्हटलं, इरा यायच्या आत तो ढीग तरी..." ती थांबते. "ही तुम्ही घातलीत?"

भालचंद्रराव खाली बघतात. छातीवर त्यांचे दोन्ही हात आहेत आणि हातांखाली निळी चादर. चौकोनी, कडेला कड, काठ आतल्या बाजूला.

"ही आम्हाला दोघांनासुद्धा अशी जमत नाही," गार्गी म्हणते. "एकट्यानं घातलीत?"

"नाही," ते म्हणतात.

ती स्वयंपाकघराकडे बघते, मग आतल्या खोलीकडे. घरात कोणी नाही. तिला वाटतं, बाबा अजून झोपेतच आहेत. ते उठून बसतात. घसा साफ करतात. एवढं विचारायला त्यांना किती वेळ लागतो, ते दुधाची पिशवी धरून उभ्या असलेल्या तिला कळत असावं, कारण ती थांबते.

"गार्गी, मी रोज घड्या घातल्या तर चालेल का तुला? म्हणजे तुला वाईट वाटणार नसेल तर."

"चालेल काय बाबा, पळेल," ती म्हणते. मग हलक्या आवाजात, "मला वाटायचं, आमचा पसारा बघून तुम्ही मनातल्या मनात..."

"नाही गं."

"चहा टाकते," ती म्हणते आणि आत जाते.

भालचंद्रराव चादर मांडीवर घेतात. चारही टोकं एकावर एक आली आहेत. ते ती पुस्तकाच्या पानांसारखी एकेक करून वेगळी करतात. दोन टोकं त्यांनी मुठीत धरलेली, बोळा झालेली. उरलेल्या दोन टोकांवर बारीक, ताठ चुण्या आहेत, चिमटीच्या. जागा अजून दमट आहे. ते आपला अंगठा आणि बोट तिथं ठेवून बघतात.

त्यांच्या बोटांना ती चुणी लहान पडते.