राखेच्या पाण्याची पारख

मुलांनो, तुमच्या पुस्तकातल्या सोडियम-पोटॅशियमच्या कुटुंबाला अल्कली धातू म्हणतात. झाडांच्या राखेला असलेल्या अरबी शब्दावरून ते नाव आलं. इथे जळगाव जामोदला आमच्या शेजारी पापड करणारी एक बाई राहते. केळीची वाळलेली सोपटं जाळून ती राख पाण्यात भिजवते आणि वरचं निवळ पाणी बोटानं चाखून मगच पिठात घालते. तिला मी नावाची ही गोष्ट सांगितली, तर म्हणाली, "मंग नाव ठेवणाऱ्यानं पापड लाटले असतीन, मावशी!"

परवा आमच्या परसातली सोपटं मी तिला प्लास्टिकच्या दोरीनं बांधून दिली. दोरीही त्यांच्यासोबत जळाली. बोट जिभेला लावताच तिनं सगळं पाणी ओतून दिलं. तिच्याकडे आलेले एका लग्नाचे पापड त्याच दिवशी लाटायचे होते, ते राहिले.

लग्नघरची बाई येऊन ओरडली, "काऊन सांगितलं नाही आधी? आता तुले कधीच काम देत नाही!"

"हाव ताई, माह्याच हातानं चुकलं," ती म्हणाली. माझं नाव तिनं घेतलं नाही.

मी तिथंच उभी होते. मीही माझं नाव घेतलं नाही.