बसप्पाचा पांढरा रंग

बसप्पा गेल्याची बातमी मला कचेरीतच कळली. उमरग्याकडचा एक ठेकेदार टेबलाशी येऊन म्हणाला, "मुरुमचे बसप्पा गेले हो, परवा. दम्यानं." मी तेव्हा एका दवाखान्याच्या मॉडेलला रंग देत होतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता या जिल्ह्यात पांढरा रंग माझ्यापेक्षा चांगला देणारं कुणी उरलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते नंतर... गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण बसप्पाबद्दल खोटंच लिहायचं, तर मग लिहायचं कशाला?

हैदराबाद संस्थानाचं विलीनीकरण होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा धाराशिवच्या बांधकाम कचेरीत आम्ही दोघं एकाच महिन्यात लागलो. मी तुळजापूरच्या कारकुनाचा मुलगा, त्याचे वडील मुरुमला बैलगाड्या करायचे. जिल्ह्यात नव्या शाळा, दवाखाने उठत होते आणि बांधण्याआधी प्रत्येकाचं छोटं मॉडेल साहेबांना टेबलावर लागे. पुठ्ठा आणि लाकूड कापून आम्ही ती इमारत उभी करायचो आणि वरून पांढरा रंग द्यायचो. पांढऱ्यासारखा खोडसाळ रंग दुसरा नाही. तांबडा, हिरवा चुका पोटात घालतात. पांढरा एका जागी विरळ बसतो आणि खालचं लाकूड दाखवतो, दुसऱ्या जागी ओघळतो, खिडकीच्या कोपऱ्यात साचून राहतो. माझ्या भिंतींवर ब्रशचे केस मोजून घ्यावेत इतक्या रेघा असत. बसप्पाची भिंत मात्र सायीसारखी. तिला रंग दिलाय हेच मुळी ध्यानात येत नसे.

आमचे साहेब हैदराबादचे. बसप्पाच्या मॉडेलवरून ते बोट फिरवत आणि म्हणत, "वाह, क्या बात है!" माझ्या मॉडेलपुढं यायचे, चष्मा वर करायचे आणि म्हणायचे, "ठीक है." त्या 'ठीक है'नं माझी किती वर्षं जाळली ते माझं मलाच माहीत. मी सोलापूरहून त्याच्यासारखाच ब्रश आणला. त्याच दुकानातला सफेदा आणला, तेलही तेच. तो जेवायला गेला की त्याच्या वाटीतला रंग बोटावर घेऊन बघायचो. काही कळायचं नाही आणि विचारायची मला लाज.

एके दुपारी तोच माझ्या टेबलाशी येऊन बसला. "नाना, एक सांगू का? राग न्हाय ना यायचा?" मी मान हलवली. "पयला हात पांढरा द्यायचाच न्हाय बगा. सफेद्यात जराशी काजळी घाला, राखेवानी करा आन् त्यो हात द्या. वाळला की पॉलिश पेपर मारा. मग पांढऱ्याचे पातळ पातळ तीन हात. खाली करडं असलं की पांढरा कुटं बसला, कुटं न्हाय, ते डोळ्याला दिसतंय. पांढऱ्यावर पांढरा दिसतच न्हाय, मग मानूस थापत बसतंय."

इतकं सरळ सांगितलं होतं त्यानं. आणि मला काय वाटावं? हा माझं मॉडेल काळं करायला निघालाय! चहाच्या वेळी मी सगळ्यांना ऐकवलं, "बसप्पा मला पांढऱ्यात काजळी घालायला सांगतोय." सगळे हसले. बसप्पाही हसला. पण थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला, काहीतरी बोलायचं राहिल्यासारखा... मग उठून गेला.

पुढं औरंगाबादच्या प्रदर्शनात आमच्या कचेरीचं एक मॉडेल जायचं ठरलं. मी भूमच्या कचेरीचं करत होतो, तो मुरुमच्या शाळेचं. जायला दोन दिवस उरले तरी त्याची शाळा करडीच होती. ते करडं कशासाठी आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी साहेबांना जाऊन सांगितलं, "बसप्पांनी शाळा राखेनं माखलीय, बघून घ्या." साहेबांनी सगळ्यांदेखत त्याला झापलं. तो एवढंच म्हणाला, "वाळू द्या सायेब." दोन दिवसांनी शाळा दुधासारखी होऊन औरंगाबादला गेली. माझी कचेरी, एकाच हातात रंग थापून तडकलेली, कपाटावर गेली. चुगली कुणी केली हे त्याला कळलं होतं. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, याचाही मला रागच आला. पुढं दम्यापायी नोकरी सोडून तो मुरुमला परतला.

पंधरा दिवसांपूर्वी मुरुमला जाऊन आलो. बसप्पाच्या बायकोनं, वैनींनी, गूळपाणी दिलं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुमीच नाना व्हय? ह्ये लई जळायचे तुमच्यावर." मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "खरंच. म्हनायचे, नानाची खिडकी बगावं. कोपरा कसा, नख लावलं तर नखाला टोचंल. मला जल्मात जमंना." त्यांनी फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. आत पुठ्ठ्याचे तळहाताएवढे तुकडे, शंभरएक तरी असतील. प्रत्येकात एक खिडकी कापलेली आणि प्रत्येकीचे कोपरे सुरी पुढं निसटून फाटलेले. खालच्या तुकड्यांचा पुठ्ठा आमच्या कचेरीतला होता, वरचे ताजे होते. आजारपणातही तो कापत होता.

"एकदा तुमाला इचारायला म्हनून गेलते," वैनी म्हणाल्या. "रंगाचं आपलं सांगतो, खिडकीचं त्यांचं इचारतो, म्हनले. तसंच आले माघारी."

मी कोरा तुकडा मागितला. सुरी कोपऱ्यात रोवली, मध्यापर्यंत ओढली. मग दुसऱ्या कोपऱ्यात रोवली, मध्यापर्यंत ओढली. "कोपऱ्याकडनं मधे यायचं," मी म्हणालो, "मधनं कोपऱ्याकडं जायचं नाही." चारी बाजू झाल्या आणि खिडकीच्या आतला चौकोन आपोआप खाली पडला.

वैनींनी तो तुकडा उजेडाकडं धरला, कोपऱ्यांवरून बोट फिरवलं.

"एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या.