मुरारच्या माळावरचा झोका

लोखंडी टोकाची ती काठी हाती घेतली, की तिचा गारवा मनगटातून चढत चढत थेट खांद्यापर्यंत येई. पौषातली पहाट, समोर मुरारचा माळ धुक्यात बुडालेला, दूरवर किल्ला आपला पायथा हरवून नुसताच अधांतरी तरंगणारा, आणि त्या धूसर शुभ्रतेतून कुठून तरी उमटणारी मोराची केका! आजही हिवाळ्यात डोळे मिटले, की मी त्या धुक्यात जाऊन उभा राहतो, आणि दवाने भिजलेल्या गवतात तो इवला पांढरा चेंडू माझी वाट पाहत असतो. केवढीशी ती वस्तू! पण तिने माझ्या कित्येक सकाळी मंतरून टाकल्या होत्या.

गोल्फ आमच्या घराण्याला तसा परकाच. आमचे पूर्वज दख्खनेतून ग्वाल्हेरीला आले ते भाले घेऊन, कुलस्वामिनीचा टाक घेऊन. चेंडू त्यांच्या स्वप्नातही नव्हता. पण महाराजांना या खेळाचा शौक. पाहुण्यांबरोबर खेळायला मराठा सरदारांच्या घरातला एखादा तरुण तैनातीत घ्यावा, अशी त्यांना इच्छा झाली, आणि माझ्या वडिलांनी, आबासाहेबांनी, माझे नाव पुढे केले. घोडदळाची पागा मोडली तेव्हापासून आमच्या घरातले कोणी महाराजांच्या चाकरीत उरले नव्हते. दरबारात मान होता, काम नव्हते. आबासाहेब हे कधी बोलून दाखवत नसत. पण दरबाराहून परतले, की त्या दिवशी त्यांचे जेवणात लक्ष नसे. त्यांच्या काळजातले ते शल्य काढण्याची कामगिरी आता माझ्या हातातल्या काठीवर येऊन पडली होती.

शिकवायला छावणीतला एक निवृत्त गोरा साहेब येई. त्याची हिंदुस्तानी तोडकीमोडकी, पण धीर अपार. माझी पहिली खोड तलवारीची. लहानपणापासून उजव्या हाताने वार करायची सवय. चेंडू दिसला, की मी त्याला कापायलाच धावे, आणि चेंडू जागच्या जागी राहून मातीचे ढेकूळ तेवढे दिमाखात उडे. "मारो मत साहब, झूलने दो," तो शांतपणे म्हणे. मूठ कशी, तर जत्रेत धाकट्या बहिणीचा हात धरावा तशी; सुटू नये, पण दुखूही नये. मस्तक स्थिर हवे. ते मात्र मला आयतेच साधले, कारण पगडी घालून वाढलेल्या माणसाची मान उगीच हलत नाही! साहेबाला त्याचे भारी कौतुक वाटे.

आणि मग तो झोका! कंबर, खांदे, बाहू एकामागून एक उजवीकडे वळत जावेत, पाठ पुरती लक्ष्याकडे व्हावी, वर टोकाशी झोपाळा विसावतो तसे क्षणभर विसावावे, आणि मग काठीने जणू आपल्याच भाराने खाली यावे. जिकडे चेंडू धाडायचा, तिकडेच आधी पाठ करायची, हे केवढे नवल! पुढे जाण्यासाठी माणसाला आधी मागे का वळावे लागत असेल? मला अजून उमगलेले नाही. पण ज्या सकाळी तो झोका प्रथम साधला, त्या सकाळी हाताला काही लागल्याचेही जाणवले नाही. एक मृदू नाद झाला, चेंडू धुक्यात विरून गेला, आणि मी कितीतरी वेळ तसाच, काठी खांद्यावर घेऊन, आनंदाने वेडा होऊन उभा राहिलो.

एकदा आबासाहेब पाहायला आले. "अरे, इतका बंदोबस्त त्या इतक्याशा गोळीसाठी?" म्हणत माझ्या डावीकडे, थोडे पुढे उभे राहिले. आणि काय सांगू, माझे खांदे अर्ध्यावरच अडले! पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. साहेब चक्रावला. शेवटी मला ओशाळून सांगावे लागले, की वडीलधाऱ्यांकडे पाठ करायची आमच्यात रीत नाही; महाराजांसमोरून तर आम्ही उलट पावलीच बाहेर येतो. साहेब पोट धरून हसला आणि त्याने आबासाहेबांना अदबीने माझ्या समोरच्या बाजूला आणून उभे केले. प्रश्न सुटला, असे आम्हाला वाटले.

परीक्षेचा दिवस उजाडला. मैदानात महाराज, पाहुणे, दरबारी मंडळी. पहिले टोले बरे गेले. धुके निवळले, माध्यान्हीचे ऊन माळावर पसरले. आणि एका टोल्याच्या वेळी महाराज पाहुण्यांसह पुढे जाऊन डावीकडे कडुनिंबाखाली उभे राहिले, नेमके तिथेच, जिकडे मला पाठ करायची होती! मी काठी उचलली. खांदे दगडाचे झाले. महाराजांना बाजूला व्हा म्हणणारा कोण? चेंडू जेमतेम चार हात घरंगळला. कोणीतरी हसले. दुसरा टोलाही तसाच गेला. सारे संपले, आबासाहेबांची आशा माझ्याच हातांनी मातीत गेली, असे वाटून माझे डोळे भरून आले.

आबासाहेब माझ्या समोर, हात जोडून, महाराजांकडे तोंड करून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग ते सावकाश वळले. उभ्या हयातीत ज्यांनी गादीला पाठ दाखवली नाही, त्या माझ्या वडिलांनी भर मंडळींत, पगडीसह, ताठ मानेने महाराजांकडे पाठ केली आणि ते रिकाम्या माळाकडे पाहत उभे राहिले. "मार आता," ते हळूच म्हणाले, "माझ्या पाठीपुढे तुझी पाठ कोण बघतोय?"

मी वळलो. पुरता वळलो. चेंडू कुठे पडला ते मला दिसले नाही. महाराजांची "वाहवा" तेवढी ऐकू आली.

चाकरी मला मिळाली. त्या पाठीबद्दल महाराजांनी अवाक्षर काढले नाही, आबासाहेबांनीही नाही. टांग्यातून घरी परतताना मात्र त्यांनी दोन्ही हात उपरण्यात घट्ट गुंडाळून घेतले. "थंडी फार आहे आज," ते म्हणाले. अंगावर चांगले कडक ऊन होते. मी माझी शाल त्यांच्या खांद्यांवर घातली.