वच्छलाबाईचा पाण्यातला कॅमेरा

समजा, तुम्हाला एक कॅमेरा घ्यायचा आहे. तो कमरेला बांधून तुम्ही गावच्या विहिरीत सूर मारणार, दोन पुरुष खोल पाण्याच्या तळाशी जाऊन दोन्ही हातांनी गाळ चाचपणार, आणि वर आल्याबरोबर फोटो काढणार. कॅमेऱ्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये. आणि तुमच्या पदरात आहेत एक बोकड विकून आलेले पैसे. बोला, कोणता घ्याल?

१९७४ सालच्या फाल्गुनात वच्छलाबाई वाशीमच्या बाजारात नेमक्या याच विचारात उभी होती. जऊळका टेसनाजवळच्या एका गावची ती, वय पस्तिशीचं. नवरा देवमन रेल्वेत गँगमन, लेक गंगू. बौद्धवाड्यातली तिच्यासारखी बुडी मारणारी बाई आसपासच्या दहा गावांत नव्हती. बापाने तिला लहानपणी पाण्याने भरलेल्या गिट्टीच्या खदानीत ढकलून पोहायला शिकवलं होतं, आणि तेव्हापासून पाण्याची भीती म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं.

गावच्या विहिरीवर तिच्या वाड्यातल्या बायांना हंडा भरता येत नसे. त्यांनी नाल्यातल्या झिऱ्यावर जायचं. पण त्याच विहिरीत कोणाची घागर पडली, दोर तुटून बादली गेली, की वच्छलाला बोलावणं यायचं. ती उतरायची, तळाची वस्तू काढून द्यायची, ओल्या लुगड्याने घरी जायची. ती गेली की पाटलाच्या घरून तुळशीचं एक पान यायचं. ते पाण्यात टाकलं की पाणी चोख. सांजेला सारं गाव तेच पाणी भरायचं. असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

माघात तहसिलीतून एक साहेब चौकशीला आले. विहिरीवर पाणी भरू देत नाहीत म्हणून बौद्धवाड्यातल्या पोरांनी अर्ज केला होता. सरपंच उकंडराव पाटील हात जोडून म्हणाले, "साहेब, या विहिरीत त्या लोकांनी कधी पाय ठेवला नाही. त्यांचं पाणी येगळं, आमचं येगळं. कोणाची तक्रार नाही."

वच्छला मागे उभी होती. ती पुढे आली. "पाय काय घेऊन बसले, पाटील? मी तुमच्या विहिरीच्या तळाची माती मुठीत धरून आली. पोळ्याच्या आधी तुमच्या सूनबाईची घागर कोणं काढली?"

"कोणं पाह्यलं?" उकंडराव म्हणाले.

घागर काढली त्या दिवशी काठावरून वाकून पाहणारी पंचवीस माणसं तिथेच उभी होती. एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. साहेबांनी कागदावर लिहिलं: पुरावा नाही.

घरी येऊन वच्छला देवमनला म्हणाली, "मले फोटो पाह्यजे."

"कायचा?"

"मी विहिरीत असतानाचा. आता बैसाखात लग्नं हायेत. काही ना काही पडतेच, अन् मले बलावतेच. त्या वक्ताचा."

"काठावर फोटोवाला उभा राहू देतील काय तुह्यासाठी?"

"म्हणून तं मीच काढीन म्हणते. खालून."

देवमन हसला, मग तिचं तोंड पाहून बोकड विकायला निघाला.

वाशीमला घेवरचंद शेठचं दुकान घड्याळं, टॉर्च आणि रेडिओचं. कॅमेरेही ठेवायचे. बाई कॅमेरा मागते म्हटल्यावर त्यांनी आधी तिच्यामागे कोणी माणूस आहे का ते पाहिलं. देवमन होता, पण तो टॉर्च पाहत होता.

शेठने तीन कॅमेरे काउंटरवर मांडले. पहिला भारी, धातूचा, त्याला बारीक बारीक चकत्या. दुसरा भात्याचा, उघडला की हार्मोनियमसारखा पुढे येणारा. तिसरा साधा पेटी कॅमेरा, काळा, हलका, एका बाजूला फोटो काढायची दांडी.

"यातला पाण्यात कोणता चालते, शेठजी?"

"बाई, फोटो काढायचा का पाणी भरायचं?"

"दोन्ही."

शेठ हसले. "पाण्यात चालणारे कॅमेरे बाहेरच्या मुलखात भेटते. समुद्राच्या लाटांवर फळ्या घेऊन खेळणारे लोक वापरते म्हणे. त्याच्या किमतीत तुमचं घर येईल."

"मंग ते राहू द्या. हे कसे चालते तेवढं सांगा."

तिने तिन्ही कॅमेरे हातात घेतले. धातूच्या कॅमेऱ्याला दर फोटोआधी चकती फिरवून अंतर लावायचं होतं. पाण्यात कोण चकत्या फिरवणार? भात्याचा तर कागदाच्या पंख्यासारखा, दाब आला की मोडणार. पेटीला अंतर लावायचं नव्हतं. पाच-सहा हातांपलीकडचं सगळं साफ येतं, शेठ म्हणाले, जवळचं मात्र पुसट, आणि ऊन पाहिजे. वच्छलाने डोळे मिटून दांडी बोटाने चाचपली. मग पदर तिच्यावर दुमडून पुन्हा चाचपली. कापडाच्या चार घड्यांतूनही दांडी हाताला लागत होती.

"हाच," ती म्हणाली. "अन् एक टॉर्चही द्या. पुढची काच अन् कडं असलेला."

बाकीचं काम देवमनचं. मालेगावच्या गॅरेजवरून त्याने ट्रकची जुनी ट्यूब आणली आणि हातभर तुकडा कापला. पोटाला भोक पाडून टॉर्चची काच कड्यात आवळून बसवली. दोन्ही तोंडांना लोखंडी पट्ट्या लावून नटबोल्ट कसले. काच समोर, दांडी बाजूला. रबरातून अंगठ्याने दाबली की आत खट्ट आवाज यायचा.

कॅमेरा घालण्याआधी ट्यूबमध्ये कागद ठेवून त्यावर कॉपिंग पेन्सिलीची पूड पेरली. ओल लागली की ती जांभळी होते. खदानीत पहिल्या बुडीला कागद वांग्यासारखा जांभळा झाला. कड्याखाली सायकलच्या ट्यूबची चकती घातली, पंक्चरचं सोल्यूशन फासलं. दुसऱ्यांदा एका कोपऱ्यात जांभळं. तिसऱ्यांदा कागद कोरडा.

पण एक चूक राहिलीच. ट्यूबमध्ये हवा होती. वच्छला सूर मारी आणि ट्यूब तिला कमरेला धरून वर आणी. आयुष्यात पहिल्यांदा ती तळाशी पोहोचली नाही. देवमन काठावर पोट धरून हसला.

"हसता काय, गंगूचे बाप? वजन आणा."

रुळाच्या कामातला एकेक जुना बोल्ट दोन्ही बाजूंना बांधला, तेव्हा कुठे ट्यूब शहाणी झाली. पहिला रोल खदानीतच संपवला. फोटो धुऊन आले ते बहुतेक काळे. त्यातून तिला दोन गोष्टी कळल्या. पाण्याखाली या कॅमेऱ्याला उजेड पुरत नाही, तेव्हा फोटो डोकं वर काढूनच घ्यायचा. आणि काचेवर थेंब राहतात, तेव्हा आधी तिच्यावरून साबणाचा हात फिरवायचा. तिसरी गोष्ट तर तिला आधीपासून माहीत होती: ट्यूब उघडल्याशिवाय रोल पुढे सरकत नाही. म्हणजे फोटो एकच.

बैसाखात उकंडरावांच्या पुतणीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी भर दुपारी आहेराचा पितळी हंडा विहिरीत गेला. वच्छलाला बोलावणं आलं. तिने रोल घातला, बोल्ट कसले आणि ट्यूब कमरेला बांधून निघाली.

काठावर गर्दी होतीच. उकंडराव फेटा सावरत म्हणाले, "काहो वच्छलाबाई, बुड्ढी झाली काय? पोहणं शिकणाऱ्या पोरावानी ट्यूब बांधून आली."

सगळे हसले. वच्छलाही हसली. "उमर झाली, पाटील. आता ट्यूबशिवाय भरवसा नाही."

तिने सूर मारला. तळाचं पाणी बर्फासारखं गार होतं. हंडा गाळात अर्धा रुतलेला होता. तो पायाने मोकळा केला, दोराच्या आकड्यात अडकवला, आणि दोर हलवला. मग ती वर आली. माथ्यावरचं ऊन सरळ विहिरीत पडलं होतं. रहाटाभोवती गोल करून सारी डोकी वाकली होती, हंडा आला का ते पाहायला. तिने पाय मारत स्वतःला उभं धरलं, ट्यूबची काच वर केली, श्वास रोखला आणि अंगठा दाबला.

खट्ट.

हंडा वर गेला. ती पायऱ्यांनी चढून आली आणि ओल्या लुगड्याने घरी गेली. मागे तुळशीचं पान पाण्यात पडलं.

आठ दिवसांनी घेवरचंद शेठने फोटो हातात दिला. तो त्यांनी आधी बराच वेळ पाहिला असावा. "हे काढलं कुठून, बाई?"

"जिथून कोणी काढत नाही तिथून."

फोटोत विहिरीचं तोंड थाळीसारखं गोल होतं. एका कडेला दगडी बांधकाम, मधोमध रहाट, आणि सभोवार चेहरे. उकंडरावांचा फेटा तर स्पष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छला डोक्यावर रिकामा हंडा आणि हातात दोर घेऊन विहिरीवर गेली. देवमन दहा पावलं मागे उभा राहिला. बाया बाजूला झाल्या. कोणीतरी धावत जाऊन उकंडरावांना आणलं.

"काय करून राह्यली तू, वच्छले?"

तिने फोटो पुढे केला. उकंडरावांनी तो लांब धरला, जवळ आणला. "हा मीच हाय," ते म्हणाले. मग त्यांचं तोंड जरा खुललं. "पण यात तू कुठी हायस? तू तं दिसतच नाही."

"मी जिथी होती ना पाटील, तथून तुमी दिसून राह्यले."

उकंडरावांनी पुन्हा फोटो पाहिला. त्यांच्या मागे उभी असलेली माणसंही वाकून आपापला चेहरा शोधू लागली, आणि सापडला की हळूच मागे सरू लागली.

"याची एक प्रत तहसिलीतल्या साहेबाकडे गेली," वच्छला म्हणाली. तिने दोराला हंडा बांधला आणि रहाटावरून सोडला. कोणी हात धरला नाही. हंडा पाण्याला टेकल्याचा आवाज आला, भरल्याचा आला. तिने ओढून घेतला आणि काठावर ठेवला. पाणी हिंदकळून उकंडरावांच्या जोड्यावर पडलं.

"तुळशी आणा रे कोणी," मागून एक म्हातारी म्हणाली.

वच्छला थांबली. हंडा तसाच ठेवून तिने उकंडरावांकडे पाहिलं.

"आणा ना," ती म्हणाली. "आज मीच टाकते पान. पण एक सांगा, पाटील. मी तळापर्यंत बुडली तरी एका पानानं तुमचं पाणी चोख होते. मंग मी काठावर उभी राहून हंडा भरला, तं त्याच पानानं काहून होत नव्हतं?"

उकंडराव फोटो तिच्या हातात देऊन निघून गेले. वच्छलाबाई आता रोज त्या विहिरीवर पाणी भरते. उकंडराव दिसले की हंडा खाली ठेवते आणि तेवढंच विचारते: "पाटील, काहून होत नव्हतं?"